कळफलकावरचा ‘क’

शिक्षकाने काय शिकवले याचा हिशेब कुठे ना कुठे लागतो. तो निकालपत्रकात लागतो, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यात लागतो, आणि वीस वर्षांनी बाजारात भेटून वाकून नमस्कार करणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरही लागतो. परंतु शिकवता शिकवता शिक्षक स्वतः काय शिकला, याची नोंद ठेवण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. संगणक आणि मोबाइल ही दोन साधने वर्गात आणण्याच्या निमित्ताने, पन्नाशीच्या आसपास मला जे शिकावे लागले, त्याची एक नोंद मंडळाच्या या पानांवर ठेवावी असे मनात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निपाणी परिसरातील एका मराठी शाळेत मी 28 वर्षे मराठी शिकवीत आले आहे. आमच्या वर्गात बसणारे मूल दिवसाकाठी किती भाषांतून ये-जा करते, याचा बाहेरच्या माणसाला सहसा अंदाज येत नाही. घरात मराठी, शेजारी कन्नड किंवा उर्दू, सरकारी फलकावर कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी, आणि ‘पुढे काय?’ या प्रश्नाच्या उत्तरात इंग्रजी. त्याच्या हातातले मराठी पाठ्यपुस्तक कर्नाटकात तयार झालेले असते आणि त्याची मामेभावंडे पंधरा-वीस किलोमीटरवर, कागल तालुक्यात, महाराष्ट्राची ‘बालभारती’ वाचत असतात. एवढ्या भाषांचे ओझे वाहणाऱ्या मुलाला ‘तुझ्या मनातले लिही’ असे सांगितले की ते बहुधा फळ्याकडे पाहत राहते. त्याला कोणत्या भाषेतले मन विचारले आहे, हेच त्याला उमगत नाही.

शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्यावर मराठी लिहिणे ही एक तपश्चर्याच होती. ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालीत मजकूर टंकित करावा, मोठ्या कौतुकाने तो दुसऱ्या संगणकावर उघडावा, आणि तो टंक तेथे नसला म्हणजे आपल्या सुविचारांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग पाहावी, असे ते दिवस. माझ्या ओळखीच्या काहीजणांकडे ‘बरह’ नावाची प्रणाली होती. ‘बरह’ म्हणजे कन्नडमध्ये लेखन. 1998 साली ती मुळात कन्नडसाठी तयार झाली आणि पुढे तीत देवनागरीचीही सोय झाली. आपल्या भागातील काही मराठी निमंत्रणपत्रिका आणि अहवाल एका कन्नड नावाच्या दारातून बाहेर पडले, याची तेव्हा कुणाला फारशी जाणीव नसावी.

पुढे युनिकोड आले आणि टंकांचा तो गोंधळ बव्हंशी संपला. तरीही मी अनेक वर्षे रोमन अक्षरांच्या आधाराने मराठी लिहीत होते. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, मुलांशी उरलेला एकमेव धागा मोबाइलच्या पडद्यावर आला, आणि नीट टंकन शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शिकवणारे गुरू मिळाले ते आमच्या शाळेतील कन्नडचे सर. त्यांनी आपल्या संगणकावर आधी कन्नड कळफलक निवडला, एक बटण दाबले; मग देवनागरी निवडला आणि तेच बटण पुन्हा दाबले. “बाई, ‘क’ कुठे आहे बघा,” ते म्हणाले, “तुमचाही तिथंच, आमचाही तिथंच.”

या मांडणीला ‘इन्स्क्रिप्ट’ म्हणतात. 1991 च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजने, अशी तिची साधी आणि सुंदर रचना आहे. आपल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच शास्त्रावर उभी असल्यामुळे एका लिपीत बोटे बसली की दुसऱ्या लिपीतही ती चालतात. मराठी आणि कन्नड या दोघींचा जिव्हाळ्याचा ‘ळ’सुद्धा दोन्हीकडे ‘ल’च्याच बटणावर, शिफ्ट धरून उमटतो. रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर अर्धा तास, असे दोन महिने मी बोटांना वळण लावले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कागदावर शिकवताना मी अनेकदा उदाहरणे दिली होती. पण त्या दुसऱ्या शब्दासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ वेगळा शोधून त्यास हलन्त जोडावा लागतो, हे बोटांनी शिकल्यावर समुद्र आणि डोंगरांमधली खोल जागा यांतले अंतर मला नव्याने कळले. साधन बदलले की परिचित ज्ञानही पुन्हा एकदा उंबऱ्यावर येऊन उभे राहते.

परंतु टंकन येणे म्हणजे वर्गात सर्जन येणे नव्हे. संगणक आणि प्रक्षेपक शाळेत आले की त्यांचा पहिला उपयोग साहजिकच दाखवण्यासाठी होतो. कवितेला चाल लावलेली चित्रफीत लावावी, ज्वालामुखी दाखवावा, किल्ल्याची तटबंदी दाखवावी. मुले शांत बसतात, आणि शांत वर्ग हा आपल्याकडे उत्तम वर्ग मानला जातो. पण अशा वर्गात मूल प्रेक्षक होते. सीमोर पेपर्ट या शिक्षणचिंतकाने 1980 साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात हाच प्रश्न उपस्थित केला होता की, संगणकाने मुलाला चालवायचे की मुलाने संगणकाला? मुलांच्या हातून संगणकाला आज्ञा देवविणारी ‘लोगो’ ही भाषा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्येच तयार केली होती.

अर्थात हा विचार समजण्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, कोल्हापुरात, लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शिक्षकांना घडवण्याच्या कामात आयुष्याची अनेक वर्षे घालवल्यानंतर त्या लहान मुलांकडे वळल्या आणि मुलांच्या अनुभवालाच त्यांनी पाठ्यपुस्तकाचा मान दिला. 2020 च्या जून महिन्यात त्या गेल्या. इकडे आपल्या बेळगावात इंदिरा संतांनीही शिक्षक-प्रशिक्षणाचे काम दीर्घकाळ केले. या दोघींच्या काळात वर्गात यंत्र नव्हते. मुलाच्या जगण्याकडे सर्जनाचा मूळ ऐवज म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र होती. यंत्र हाती आल्यावर ती दृष्टी टिकते की नाही, एवढाच काय तो आमच्या पिढीचा प्रश्न.

या प्रश्नाला आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने फार बोलके उत्तर मला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत सापडते. माढा तालुक्यातील त्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही बातमी आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवणारे गुरुजी, अशीच त्यांची ओळख झाली. 1994 मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मलेले ते चौकोनी चिन्ह मुलांच्या पुस्तकापर्यंत पोचले, ही गोष्ट नवलाची खरीच. पण पारितोषिक देणाऱ्या वार्की फाउंडेशनने जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यातील दुसऱ्या एका तपशिलाने माझे लक्ष वेधले. त्या मुलांची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. गुरुजींनी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकांतला आशय मुलांच्या भाषेत आणला, आणि त्यानंतर त्यास ते संकेतचिन्ह जोडले.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत कन्नड मूल आणि कर्नाटकातल्या गावात मराठी मूल, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. 1 नोव्हेंबर 1956 नंतर नकाशावर जी रेघ उमटली, तिच्या दोन्ही बाजूंना अशी मुले वाढत आहेत. तिच्याविषयीचे आपले म्हणणे आणि आपले दुःख आपल्या घराघरांत आहे. त्याची उजळणी येथे नको. शिक्षकाच्या दृष्टीने परितेवाडीचा धडा इतकाच की, भाषेचा क्रम आधी लागतो आणि यंत्राचा मागाहून.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर आठवीच्या वर्गाला मी एक काम दिले. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला त्याच्या कामाविषयी बोलते करायचे, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे, आणि ऐकून ऐकून शब्दशः लिहून काढायचे. मोबाइल घरात एकच, तोही वडील कामावरून परतल्यावर मिळणार. म्हणून मुदत पंधरा दिवसांची ठेवली. निबंधात चार ओळींच्या पुढे कधी न गेलेल्या एका मुलाने उसाच्या ट्रॅक्टरवर जाणाऱ्या आजोबांचे बोलणे सात मिनिटे टिपले आणि त्याला वहीची नऊ पाने लागली. मध्येच इंजिन सुरू झाल्याचा आवाज होता. तो कसा लिहायचा, यावर वर्गात जी चर्चा झाली, तशी अनुकरणवाचक शब्दांवरील धड्याने मला कधी घडवता आली नव्हती.

एका मुलीची आजी विड्या वळते. ही मुलगी तिला ‘अव्वा’ म्हणते. निपाणीतील कितीतरी घरांचा प्रपंच अशा आज्यांच्या बोटांवर चालला आहे. “पानं आदी भिजवायची, मग कात्रीनं कापायची. सूप मांडीवर घेतलं की उठायचं न्हाई बघ,” असे काहीसे ते बोलणे होते. मुलीने ते वर्गात ऐकवायला पहिल्या दिवशी साफ नकार दिला. “बाई, ते आमच्या घरातलं बोलणं हाय,” ती म्हणाली. घरातले बोलणे शाळेत आणायचे नसते, हे कुणी न सांगताही आठवीपर्यंत मुलांना पक्के कळलेले असते.

दुसऱ्या दिवशी तिनेच एक युक्ती काढली. लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून तिने ते ध्वनिमुद्रण मोबाइलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीपुढे वाजवले. गूगलने 2017 च्या ऑगस्टमध्ये ज्या आठ भारतीय भाषांसाठी ही सोय केली, त्यांत मराठी आणि कन्नड या दोन्ही होत्या. यंत्राने मजकूर भराभर उमटवला. पण ‘न्हाई’चे ‘नाही’ झाले, ‘आदी’चे ‘आधी’ झाले, आणि ‘अव्वा’च्या जागी तर ‘हवा’ आले. मुलगी वर्गात येऊन म्हणाली, “बाई, मोबाइलला आमची अव्वा कळंना.”

माझ्या साऱ्या संगणकशिक्षणाचे सार त्या एका वाक्यात होते. यंत्राचे त्यात वावगे काही नव्हते. ज्या मराठीचे लेखन त्याला भरपूर मिळाले, ती मराठी ते शिकले. आमच्या गल्लीतली मराठी कुणी लिहिलेलीच नाही, तर ती त्याला कुठून भेटणार? वर्गाने त्यावर बराच खल केला. काहींच्या मते यंत्राने लिहिलेलेच शुद्ध होते आणि तेच ठेवावे. ती मुलगी मात्र अडून बसली, कारण ‘हवा’ ही तिची आजी नव्हती. अखेर मुलांनी कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या केल्या. डावीकडे जसे ऐकले तसे आणि उजवीकडे जसे पुस्तकात असते तसे. प्रमाण मराठी शिकवण्याचे माझे काम त्यामुळे सोपेच झाले. कारण डावी बाजू पुसल्याशिवाय उजवी बाजू शिकता येते, असे मुलांना प्रथमच दिसले.

यातूनच वर्गाची ‘शब्दपेटी’ तयार झाली. प्रत्येक शब्दाला घरातल्या माणसाचा आवाज, वहीत हाताने लिहिलेला अर्थ आणि मग संगणकावर टंकित केलेली नोंद, असा तिचा क्रम. कन्नडच्या सरांना मुले हक्काने बोलावू लागली. आपले ‘तूप’ कन्नडच्या ‘तुप्प’शी नाते सांगते, ‘अडकित्ता’ आणि ‘खलबत्ता’ हे शब्द तिकडूनच आपल्या घरात येऊन राहिले, ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ तर दोन्ही अंगणांतले, हे कळल्यावर मुले स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे संशोधकाच्या नजरेने पाहू लागली. देवाणघेवाण आपल्या रक्तात आहे, हे मी सांगून त्यांना जेवढे पटले नसते, तेवढे त्या पेटीने पटवले.

आपल्या जुन्या घराण्यांशी या प्रयोगाचा संबंध येतो तो यापुढे. मुलांपैकी एकाच्या घरी माळ्यावर एक ट्रंक निघाली. तीत मोडीतले काही कागद होते. मुलांनी त्यांची मोबाइलने छायाचित्रे काढली, पडद्यावर अक्षर मोठे करून करून पाहिले, आणि मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांसमोर बसून ओळ ओळ लावली. निघाला तो एका विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब. इतिहासकाराला त्याचे फारसे मोल वाटणार नाही. पण पणजोबांचा हात वळणे घेत कागदावरून कसा धावला, हे मुलांनी पाहिले. 2014 च्या जून महिन्यात युनिकोडमध्ये मोडी लिपीलाही स्वतंत्र जागा मिळाली आहे. शाळांतून उठून गेलेली लिपी संगणकात परत आली, हे ऐकून ते वृद्ध गृहस्थ नुसते हसले आणि म्हणाले, “मग आता शिकवा पोरांना.”

हे सर्व लिहिताना मी कोणतेही गोडगुलाबी चित्र रंगवू इच्छित नाही. वीज ऐन वेळी जाते, एका संगणकापुढे सात मुले बसतात, आणि परीक्षेत या पेटीला गुण नाहीत. त्याहून कठीण गोष्ट वेगळीच. ज्या मुलीने अव्वाचा आवाज वर्गात आणला, तिच्या धाकट्या भावाला पुढच्या जूनमध्ये घरच्यांनी इंग्रजी माध्यमात घातले. वडील भेटले तेव्हा संकोचून म्हणाले, “बाई, तुमचं समदं खरं. पण पुढं नोकरी कुठल्या भाषेत मिळणार, सांगा.” या प्रश्नावर माझ्यापाशी त्यांचे समाधान होईल असे उत्तर नव्हते, आजही नाही. आमचा पट दरवर्षी थोडा थोडा उतरतो आहे. कोणतेही उपकरण तो चढवून देईल असे मला वाटत नाही. पण मूल कोणत्याही माध्यमात जावो, आपल्या आजीचे बोलणे ऐकण्याजोगे, लिहिण्याजोगे आणि जपण्याजोगे आहे, ही जाण घेऊन ते गेले तर त्याचे मन रिकाम्या हाताने परक्या दारात उभे राहणार नाही.

अलीकडे आणखी एक नवा पाहुणा आला आहे. ‘माझा आवडता ऋतू’ असे सांगितले की क्षणार्धात घोटीव मराठीत दोन पाने लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता मुलांच्या खिशापर्यंत पोचली आहे. ते निबंध निर्दोष असतात, आणि त्यांतला पाऊस कुठल्याच गावात पडत नाही. मुलांना बंदी घालण्याऐवजी मी त्यांना एक खेळ दिला. यंत्राकडून एक उतारा लिहवून घ्यायचा आणि त्यात आपल्या गावाचा पुरावा शोधायचा. नसेल तेथे तो घालायचा. एकाने पावसाळ्याच्या उताऱ्यात तंबाखूच्या वखारीच्या कोंदट दर्पाची एक ओळ घातली. ती ओळ त्याच्याखेरीज कुणीही लिहू शकले नसते. सर्जनाची याहून मोठी व्याख्या मला वर्गात सापडलेली नाही.

भाषांना अभिजात दर्जा मिळतो तेव्हा आपण आनंदतो. कन्नडला तो 2008 मध्ये मिळाला, मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी. हा मान प्राचीन ग्रंथांच्या बळावर मिळतो. मात्र भाषा उद्या जगणार आहे ती आजच्या मुलाच्या वहीत आणि आता त्याच्या मोबाइलमध्येही. तेथे काय साठवले जाते, हे आपल्या हाती आहे.

म्हणून या पत्रिकेच्या वाचकांकडे एक मागणे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी ट्रंक आहे, एखादी आजी, एखादे आजोबा आहेत, आणि शाळेत जाणारे एक नातवंडही आहे. येत्या सुटीत त्या दोघांना समोरासमोर बसवावे, मधे मोबाइल ठेवावा, आणि आपण उठून दुसऱ्या खोलीत जावे. नातवंडाला चांगला प्रश्न सुचला नाही तर ‘अडकित्ता कुठून आला?’ एवढाच विचारायला सांगावा. पुढचे बोलणे आपोआप सुरू होईल.